दिवेलागणीला येणारा फोन

ती घटना मनात येते तेव्हा आधी अंगणातली तुळस डोळ्यांपुढे येते, मग खाटेवर ठेवलेला बटणांचा साधा फोन, आणि मग तो आवाज. आज निवृत्त होऊन घरी बसलोय, तरी दिवे लागायच्या वेळेला फोन वाजला की मी आधी नाव बघतो आणि मगच उचलतो.

मी मूळचा कोल्हापूरकडचा. शाळा सातवीत सुटली. त्या शिक्षणावर तेव्हा शिपायाची भरती व्हायची. मामाबरोबर वर्ध्याला आलो, भरतीला उभा राहिलो आणि उंचीवर निवडला गेलो. जिथं कुणी ओळखीचं नव्हतं त्या जिल्ह्यानं मला भाकरी दिली, बायकापोरांना छप्पर दिलं, शेवटी खांद्यावर फौजदाराचे तारेही दिले. त्या मानानं माझं लिहिणं कच्चंच. चुकलंमाकलं वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी लिहिणार नाही. एक नाव तर मुद्दामच लिहिणार नाही, ते का, हे पुढे कळेल.

नोकरीची शेवटची वर्षं. पोलीस ठाणं कारंजा घाडगे भागातलं. हायवेवर ढाबे, ट्रक, दोन्ही अंगांना संत्र्याच्या बागा. आमचं निम्मं काम अपघातांचं. त्यातल्याच एका अपघातात भोंग्यावर पुकारा करणारा एक माणूस गेला. सायकलनं रस्ता ओलांडत होता, पिकअप गाडीनं उडवलं.

हा माणूस चार गावांत आवाजानं ओळखला जायचा. तरुणपणी फिरत्या सिनेमाच्या तंबूबाहेर पुकारा करायचा, पुढे कॅसेट भरून द्यायला लागला. ऑटोवर भोंगा बांधायचा, टेप सुरू करायचा, की झाली जाहिरात. यात्रेत हरवलेलं पोर असो की कापडाचा सेल, आवाज त्याचाच. मी या भागात नवा होतो तेव्हा यात्रेच्या बंदोबस्ताला उपाशी उभा होतो. त्यानं भोंगा बाजूला ठेवून अर्धी भाकर माझ्यापुढे केली. म्हणाला, "घ्या साहेब, तुमच्याकडं ज्वारी अशीच राह्यते का वेगळी?" तेव्हापासून ओळख.

अपघाताचा तपास माझ्याकडेच आला. दुसऱ्या दिवशी एक नोकर ठाण्यात हजर झाला. म्हणाला, गाडी मी चालवत होतो. गाडी एका ढाबेमालकाची. कागदोपत्री सगळं जुळत होतं. पण मयताची बायको झाडाखाली डबा घेऊन नवऱ्याची वाट बघत बसली होती आणि तिनं सगळं पाहिलं होतं. तिचं म्हणणं एकच, "गाडीतून मालक उतरला. डोये लाल होते. थोबाड पाह्यलं मी त्याचं. हा पोट्टा नव्हताच."

जबाब घेताना आमच्या महिला शिपायानं तिला नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं. बाई गप्प. परत विचारलं, तर पदर तोंडाला लावला. ही महिला शिपाई आर्वीकडचीच, तिला समजलं. तिनं आधार कार्डावरचं नाव वाचून दाखवलं, बाईनं मान हलवली. बरोबर आलेली शेजारीण रडता रडताच म्हणाली, "लग्नात बी नाई घेतलं इनं. उखाणा दुसऱ्या बायांनी म्हटला, इनं तोंडच नाई उघडलं." इकडच्या जुन्या बायकांत हे असंच. नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणतात.

तिच्या जबाबावर आणि ओळख परेडवर आम्ही मालकाला आरोपी केलं. नोकरानं पुढे जबाब फिरवून मालकाचं नाव घेतलं, तरी त्याच्यावर कोर्ट किती विश्वास ठेवणार? सगळा खटला त्या बाईच्या दोन डोळ्यांवर उभा होता. ती कोर्टात बोलली तर मालक आत, नाही बोलली तर सुटला.

खटला बोर्डावर आला. समन्स घेऊन गेलेला शिपाई हात हलवत परत आला. म्हणाला, "बाई समन्स घेत नाहीत. म्हणतात, मले कोर्टात येयाचं नाई." साक्षीदार फितूर होतात हे नवीन नव्हतं. पण फितूर होणारा माणूस आधी आपल्याला टाळतो, नजर चुकवतो, नवीन काहीतरी अंगावर मिरवतो. या बाईत तसलं काहीच दिसलं नव्हतं.

दोन दिवसांनी तीच शेजारीण ठाण्यात आली. गोंड समाजातली, वनविभागाच्या रोपवाटिकेत कामाला जाणारी. ठाणे अंमलदाराला काही सांगेना. माझ्या टेबलापाशी आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, तिले तिच्या नवऱ्याचा फोन येऊन राह्यला."

मी म्हटलं, "कोणत्या नवऱ्याचा?"

"कोनता म्हंजे? एकच तर होता. मेला तो."

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "हसू नोका. मीनं सोता आयकलं. त्याचाच आवाज. मी दिवा लावाले गेलती, हातातली काडी पडली माह्या."

स्टेशन डायरीला नोंद टाकायची तर काय टाकायची? मयत इसम फोन करतो म्हणून? नुसतं 'साक्षीदाराची भेट घेण्यास रवाना' असं लिहिलं आणि महिला शिपायाला घेऊन निघालो. दोघंही साध्या कपड्यांत.

बाईचं घर गावाच्या टोकाला. आम्हाला बघून तिला आनंद झाला नाही, पण पाणी आणून दिलं. मी फोनचा विषय काढला तशी ती खाली बघायला लागली. मग म्हणाली, "आता येईन फोन. बसा. पन बोलू नोका मंधात."

तुळशीपुढे दिवा लागला आणि फोन वाजला. तिनं बटण दाबून तो खाटेवर ठेवला. आधी खरखर झाली. मग आवाज आला. पहिल्यांदा त्यानं तिचं नाव घेतलं. मग म्हणाला, "ऐक. मी बोलतोय. मला मुक्ती मिळत नाही. तू कोर्टाची पायरी चढू नकोस. चढलीस तर मी असाच भटकत राहीन."

मी प्रेतं पाहिली आहेत, विहिरीतून काढली आहेत, रुळावरून गोळा केली आहेत. कधी मागे सरकलो नव्हतो. त्या दिवशी खाटेपासून सरकलो. तोच आवाज. शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा, यात्रेत "आईनं स्टेजपाशी यावं" म्हणणारा. मला भाकर देणारा. ज्याला मी पंचनाम्यात पांढऱ्या चादरीखाली लिहून ठेवला होता, तो खाटेवरून बोलत होता.

बाईनं विचारलं, "जेवले का?"

थोडा वेळ शांतता. मग "हो."

"कुठं हाव तुमी?"

परत शांतता. "ऐक. कोर्टाची पायरी चढू नकोस." आणि फोन बंद.

बाहेर आल्यावर महिला शिपायाचा चेहरा पांढरा पडला होता. पण पोरगी शिकलेली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "साहेब, भूत नाई हे. आता मोबाईलमध्ये माणसाच्या आवाजाचा थोडा नमुना टाकला की त्याच आवाजात पाहिजे ते बोलवता येतं. लिहायचं, आणि तो वाचतो. म्हणून तर ती काही इचारते तवा तो थांबते."

मला ते पटेना. आवाज म्हणजे माणसाचा अंगठ्याचा ठसा, असं आम्ही शिकलेलो. मी तिला म्हटलं, मला नीट समजावून सांग, माझी शाळा लहानपणीच सुटली. तिनं चिडचिड न करता आपल्या फोनवर दाखवलं. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

नंबरचा सीडीआर, म्हणजे कॉलचा सगळा तपशील, मागवला. सिमकार्ड परराज्यातल्या एका मजुराच्या नावावर. त्या माणसानं वर्धा जिल्हा नकाशातही पाहिला नसेल. टॉवर आपल्याच हायवेचा, पण त्याच टॉवरखाली सगळा बाजार, सगळे ढाबे. तपास तिथंच अडकला. आमच्या वरच्या साहेबांनी विचारलं, "मेलेल्या माणसाला अटक करणार का आता?" ठाण्यात दोन दिवस तो विनोद चालला. कुणाचा फोन वाजला की ठाणे अंमलदार म्हणायचा, "बघा, वरून आहे का."

आठवडी बाजाराचा दिवस होता. मी गर्दीत उभा होतो. बायका भाजीला भाव करत होत्या, एकजण चपलेचा अंगठा शिवून घेत होता. आणि मागून तो आवाज आला. "ऐका हो ऐका, बसस्टँडसमोर मोबाईलचे नवे दुकान, उद्घाटनानिमित्त कव्हर फुकट." मी जागच्या जागी थिजलो. लोक सवयीनं ऐकत होते, कुणाच्या लक्षातच आलं नाही. ज्या दुकानाचा पुकारा चालला होता ते दुकान नुकतंच उघडलेलं. माणूस जाऊन वर्ष होत आलेलं. तो त्या दुकानाचा पुकारा कधी भरून ठेवणार?

ऑटो थांबवला. चालवणारा म्हणाला, "साहेब, मी फक्त गाडी फिरवतो. आवाज तर त्यायच्या पोराकडून भरून आनतो. गिऱ्हाइकाले अजून तोच आवाज लागते."

त्यायचा पोरगा. मयताचा एकुलता एक मुलगा. लग्नाचे व्हिडिओ काढायचा, डीजे लावायचा, बायको-लेकरासह बाजाराजवळ भाड्यानं राहायचा. अपघाताच्या दिवशी शवागाराबाहेर भिंतीला डोकं आपटून घेत होता, मीच त्याला धरला होता. माझं मन मानेना. बापाच्या आवाजावर पोट भरत असेल, तो गुन्हा नव्हे. पण आईला फोन? मी महिला शिपायाला म्हटलं, "हा नसेल. याच्याकडून आवाज कुणीतरी उचलला असेल."

त्याला दुपारी ठाण्यात बोलावलं. चौकशीची माझी एक पद्धत आहे. मी कधी आधी गुन्हा विचारत नाही. माणसाला त्याच्या हुशारीविषयी विचारतो. जो माणूस आपल्या कामात हुशार असतो त्याला ते दाखवल्याशिवाय राहवत नाही.

चहा दिला. म्हटलं, "बाबांचा पुकारा ऐकला बाजारात. बरं वाटलं. कसं करतोस रे?"

तो खुलला. "बाबाच्या जुन्या कॅसेटा होत्या, साहेब. पेटीभर. त्या मोबाईलमध्ये उतरवल्या. आता मी लिहितो, ते बोलतात."

"दाखव की."

त्यानं फोन काढला, लिहिलं, आणि टेबलावरून त्याचा बाप बोलला, "पोलीस साहेबांना सहकार्य करा." यात्रेतलंच वाक्य. ठाणे अंमलदाराचं पेन थांबलं. त्या दिवशी पुन्हा कुणी विनोद केला नाही.

मी म्हटलं, "वा. आता एक कर. आईला हाक मारायला लाव. आईचं नाव लिही."

त्याचा अंगठा थांबला. "कायले साहेब?"

"अरे, सहज. लिही."

त्यानं नाव लिहिलं. मी फोन त्याच्या हातातून अलगद माझ्याकडे घेतला. महिला शिपायानं मला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. या फोनला आपल्या बोटाची सवय लागते. आपण एक शब्द लिहिला की पुढचा तो स्वतःच सुचवतो, जो आपण नेहमी लिहितो तो. पडद्यावर तिच्या नावापुढे शब्द आला, 'ऐक'. मी त्यावर बोट ठेवलं. पुढचा आला, 'मी'. मग 'बोलतोय'. मग 'मला'. मग 'मुक्ती'.

मी बोट उचललं. फोन त्याच्यासमोर ठेवला. म्हटलं, "पुढचं तू वाच."

त्यानं वाचलं नाही. चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "बाबा तर वापस येत नाई ना साहेब."

मी मारहाण करणारा अधिकारी नव्हतो. पण त्या वाक्याला माझी मूठ टेबलाखाली आवळली गेली, हे खरं. पुढचं सगळं त्यानं आपणहून सांगितलं. ढाबेमालकानं त्याला ढाब्याशेजारी स्टुडिओला जागा कबूल केली होती. नुसती जागा नाही. त्याच्या लेकराच्या शाळेबाहेर मालकाची एक गाडी रोज जाऊन उभी राहायची, आणि मालक हसत विचारायचा, "पोरगा बरा हाय ना तुहा?" आईला तो समजावून थकला होता. आई ऐकेना. आई ऐकत असे ती फक्त बापाचं.

मी विचारलं, "आणि नाव का घातलं रे तिचं प्रत्येक वेळी?"

त्याला प्रश्नच समजला नाही. "कोनाले बोलून राह्यला हे समजलं पायजे ना. मी माह्या बायकोले नावानंच हाक मारतो."

पंचांसमक्ष त्याचा तो फोन आणि परराज्यातलं सिम घातलेला दुसरा, असे दोन्ही फोन जप्त केले, कॅसेटची पेटी मुद्देमालात घेतली. साक्षीदारावर दबाव आणल्याचा गुन्हा दाखल झाला, मालक आणि मुलगा दोघांवर. मुलाला अटक दाखवली. लेकराच्या शाळेबाहेर गस्त लावली. आता उरलं होतं सगळ्यात अवघड काम, आईला सांगण्याचं. फौजदारी नोकरीत मरणाच्या बातम्या घेऊन मी पुष्कळ दारांत उभा राहिलोय. पण मेलेल्याचा आवाज खोटा होता आणि त्यामागचा जिवंत मुलगा खरा होता, ही बातमी कशी सांगायची, ते कुणी शिकवलेलं नव्हतं.

महिला शिपाई बरोबर होती. बाई तुरी निवडत होती. मी अडखळत अडखळत सांगितलं. तो आवाज खरा नव्हता, यंत्राचा होता, आणि तो काढणारा तुमचाच मुलगा.

तिचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले पयल्याच दिवशी समजलं होतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. महिला शिपायानं विचारलं, "काय समजलं होतं, मावशी?"

"का हे ते नोहे. भोंग्यावर ते शुद्ध बोलत, मला-तुला. घरी आमच्यासारखेच बोलत, मले-तुले. हा फोनवाला सारा भोंग्यासारखाच बोले. अन् माह्यं नाव घेत होता." ती थांबली. "उभ्या जलमात त्यायनं माह्यं नाव नाई घेतलं. 'अवो', 'आयकलं का', नाई तं 'बाबूची माय'. बस."

मी विचारलं, "मग मुलाचं काम आहे हे..."

"बापाच्या कॅसेटीची पेटी तोच घेऊन गेलता. दुसऱ्या कोनापाशी आवाज हाय त्यायचा?"

मी म्हटलं, "बाई, मग तुम्ही आम्हाला का नाही सांगितलं? आणि समन्स का नाही घेतलं?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "पोट्टा कोनाच्या तरी भेवानं करून राह्यला, हे दिसत नोहतं का? मी कोर्टात गेली असती तं त्याले काई केलं असतं त्यायनी. नवरा तं गेला. पोट्टा बी घालवू का?" मग विचारलं, "आता तो तुमच्यापाशी हाय ना? तिथं त्याले कोनी हात लावन का?"

"नाही."

"अन् नातू?"

"त्याच्या शाळेवर आमचा माणूस आहे."

"मंग देतो मी साक्ष. आना तो कागद."

इतकी वर्षं मी साक्षीदारांना धीर देत आलो. त्या दिवशी कागदावर तिचा अंगठा घेताना धीर मलाच लागत होता. निघताना महिला शिपायानं तिला विचारलं, "मावशी, खोटा हाय हे ठाऊक होतं, तरी रोज फोन काऊन उचलत होत्या?"

बाईनं सूप उचललं. आत जाता जाता म्हणाली, "माह्यं नाव आयकाले."

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मालकाची माणसं उभी होती. तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली. पूर्ण नाव सांगा, असं म्हटल्यावर तिनं आपलं नाव सांगितलं आणि थांबली. सरकारी वकील आधार कार्ड पुढे करायला उठले. मी मनातल्या मनात ते नाव म्हणत होतो, जणू मी म्हटलं म्हणजे तिच्या तोंडून निघेल. तिनं हातानं वकिलांना थांबवलं, पदर डोक्यावर नीट केला आणि नवऱ्याचं नाव घेतलं. स्पष्ट, बापाच्या नावासकट, आडनावासकट. भोंग्यावरून घ्यावं तसं. मागच्या बाकावर बसलेल्या शेजारणीनं तोंडावर हात ठेवला.

मग तिनं बोट दाखवून मालकाला ओळखलं. आरोपीच्या वकिलांनी मेलेल्या नवऱ्याशी फोनवर बोलणारी बाई म्हणून तिला वेडी ठरवायचा प्रयत्न केला, तो फार वेळ टिकला नाही. मालकाला शिक्षा झाली. मुलाचा खटला वेगळा चालला. तो जामिनावर सुटून आला तेव्हा तिनं त्याला घरात घेतलं. कॅसेटची पेटी मात्र कोर्टाकडून परत मागायची नाही, अशी अट घातली.

साक्षीनंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं मला विचारलं होतं, "साहेब, तुमी जमा केलं ना, त्याच्यातलं माह्यं नाव घेतलेलं तेवढं मले भेटन का?"

मी सांगितलं की तो मुद्देमाल आहे, कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही.

"राहू द्या मंग," ती म्हणाली. "आज मीनं त्यायचं घेतलं. फिटंफाट झाली."

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं पोरं विचारतात. नवीन यंत्रांपासून सावध राहा, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका, हे तर ठाण्याबाहेरच्या फलकावरही लिहिलेलं असतं. मी शिकलो ते वेगळं. आवाज चोरता येतो. पण दोन माणसं एकमेकांना कशी हाक मारतात, ते चोराला ठाऊक नसतं, मग तो चोर पोटचा पोरगा का असेना. आणि साक्षीदार घाबरला की आपण समजतो तो स्वतःसाठी घाबरला. तसं बहुतेकदा नसतं. कुणासाठी घाबरला ते शोधलं पाहिजे. मला ते उशिरा समजलं, पण नोकरीत असतानाच समजलं, हे या मातीचे उपकार.

साक्षीच्या दिवशी मी घरी आलो. बायको स्वयंपाकघरात होती. इतक्या वर्षांच्या संसारात 'अगं' सोडून मीही तिला दुसरी हाक मारलेली नव्हती. दारातूनच मी तिचं नाव घेतलं.

ती पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "काय झालं? कुणाचा फोन आला?"